आईची थंडी

एप्रिल २०२४. आई परत गेल्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि वीज-गॅस पुरवणाऱ्या कंपनीची मेल आली. तुमच्या पुढच्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज आम्ही नव्यानं काढला आहे, तेव्हा दरमहा बँकेतून परस्पर जाणारी रक्कम आता १५० पौंडांऐवजी २०३ पौंड होईल. मी ती मेल स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली. रेडिएटर बंद होते, खिडकी थोडी किलकिली होती, आणि ज्या खुर्चीवर आई सहा महिने शाल पांघरून बसायची तिच्या पाठीवर टॉवेल वाळत होता. मेलच्या शेवटी एक ओळ होती: हा अंदाज तुमच्या मागच्या बारा महिन्यांच्या वापरावर आधारलेला आहे.

त्या बारा महिन्यांतले सहा महिने आई आमच्याकडे होती. म्हणजे कंपनीच्या हिशेबात ती अजून इथंच होती, आणि पुढचा अख्खा हिवाळाही इथंच राहणार होती.

लीड्समधलं आमचं घर लाल विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही इथं राहायला आलो. जिन्याखाली एक बुटकं कपाट आहे, त्यात विजेचा आणि गॅसचा असे दोन्ही मीटर. आलो त्याच संध्याकाळी हातात टॉर्च घेऊन, मान वाकडी करून, मी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले आणि कंपनीला कळवले. गॅसच्या मीटरवर पाच काळे आकडे आणि पुढं लाल. लाल सोडून द्यायचे. खोल्या किती, माणसं किती, हे कंपनीनं विचारलं होतं. दोन बेडरूम, तीन माणसं, असं मी सांगितलं होतं. दरमहा ४९ पौंड ठरले. त्यानंतर वर्षभर मी रीडिंग पाठवलं नाही. बिलावर आकड्याशेजारी ‘ई’ हे अक्षर यायचं. ते ‘अंदाजे’चं अक्षर आहे, हे मी पुष्कळ उशिरा वाचलं.

पुढच्या नोव्हेंबरात खरं रीडिंग गेलं आणि ४२० पौंडांची थकबाकी निघाली. ४९चा हप्ता एकदम १२० झाला. ४९ आले कुठून, हे मी तेव्हा पहिल्यांदा शोधायला घेतलं.

ब्रिटनमध्ये प्रत्येक मीटरला त्याचा एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाला वर्षभराच्या वापराचा एक आकडा चिकटलेला असतो. गॅसचा वेगळा, विजेचा वेगळा. घरातली माणसं बदलली, पुरवठादार बदलला, तरी तो आकडा मीटरजवळच राहतो. नवी रीडिंग येत जातील तसतसा हळूहळू सरकतो. आमच्या मीटरजवळचा आकडा होता गॅस ५,००० युनिट, वीज १,४०० युनिट. तीन माणसांच्या घराला हा काहीच्या काही कमी. मग एकदा कुंपणाशी गप्पा मारताना शेजारच्या बाईंनी सांगितलं, की आमच्या आधी इथं एक म्हातारी बाई एकटी राहायची. मागच्या खोलीत एकच हीटर लावायची. संध्याकाळी सहा वाजताच गरम पाण्याची पिशवी घेऊन अंथरुणात शिरायची.

ते ऐकून मी घरात आले आणि बराच वेळ मागच्या खोलीत बसून राहिले. वर्षभर आम्ही ४९ पौंड भरत होतो आणि स्वस्तात पडलं म्हणून खूश होतो. तो आकडा त्या बाईच्या थंडीचा होता. तिनं न पेटवलेला बॉयलर, न उघडलेले रेडिएटर, लवकर विझवलेले दिवे, हे सगळं मोजून कंपनीनं आमच्या नावावर लिहिलं होतं. तिला मी कधी पाहिलं नाही. पण घराचा वर्षाचा अंदाज हा नुसता पैशाचा आकडा नसतो, त्या घरात माणसं कशी जगली याची ती नोंद असते, हे मला त्या अनोळखी बाईमुळे कळलं.

हिशेब म्हणाल तर चौथीतल्या मुलाला जमेल असा आहे. वर्षाला किती युनिट लागतील ते धरायचं, त्याला दरानं गुणायचं, वर ३६५ दिवसांचा स्थिर आकार घालायचा (इकडे तो रोजच्या रोज चढतो), आधीची थकबाकी मिळवायची किंवा शिल्लक वजा करायची, आणि बारानं भागायचं. गॅस तेवढा घनमीटरमध्ये मोजला जातो, त्याचे युनिट करावे लागतात: घनमीटर गुणिले १.०२२६४, गुणिले त्या गॅसची उष्णता, जी साधारण ३९च्या आसपास असते, भागिले ३.६. एका घनमीटरला अकराच्या थोडे वर युनिट पडतात.

ऑफजेम ही इथली नियामक संस्था. जानेवारी २०१९ पासून तिनं दरांवर कमाल मर्यादा घातली आहे. एप्रिल २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आलं: मर्यादा १,६९० पौंड. मी तो आकडा कागदावर मांडून पाहिला. ऑफजेमनं तेव्हा धरलेलं नमुन्याचं घर वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरायचं. विजेला युनिटमागं २४.५० पेन्स आणि दिवसाला ६०.१० पेन्स, गॅसला ६.०४ पेन्स आणि दिवसाला ३१.४३ पेन्स. गुणाकार-बेरीज केली की बरोबर १,६९० येतात. पण हे घर कागदावरचं. देशातली सगळी घरं वापराप्रमाणे चढत्या क्रमानं ओळीत उभी केली तर मधोमध जे येईल ते. कित्येकांना वाटतं, आपलं बिल यापेक्षा जास्त येणारच नाही. मर्यादा दराला आहे. बिल जेवढं वापराल तेवढं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका शिकल्यासवरल्या बाईंनाही मला हे कागद पुढं ओढून समजावून सांगावं लागलं. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण गॅरंटी समजून निर्धास्त राहणारं माणूसच पुढं थकबाकीत सापडतं.

बारा सारखे हप्ते ही कल्पना मात्र मला पहिल्यापासून आवडली. ती मला घरचीच वाटली. आमच्या गावी, दहिवडीला, आई चैत्र-वैशाखात पावसाळ्याची बेगमी करायची. शेण्या पत्र्याखाली रचायच्या, सरपण आत घ्यायचं, ज्वारीला ऊन देऊन कडुनिंबाचा पाला मिसळून कणगीत भरायची, डाळी, कुरड्या, सांडगे. ऊन आहे तोवर ओल्या दिवसांची सोय. इथं तेच उलट्या अंगानं. उन्हाळ्यात गॅस लागतोच किती? आंघोळीपुरता आणि चुलीपुरता. तरी जुलैत तोच हप्ता जातो, वरचे पैसे खात्यात साठत राहतात, सप्टेंबर संपता संपता शिल्लक सगळ्यात जास्त असते, आणि मग ऑक्टोबर ते मार्च बॉयलर ती हळूहळू खातो. बंधा पगार किंवा पेन्शन असलेल्या घराला याचा फार मोठा आधार आहे. ज्यांच्याकडे आधी पैसे भरून चालणारा मीटर आहे, त्यांना हा आधार नसतो. पूर्वी त्यात शिलिंगचं नाणं टाकायचे, आता किल्ली किंवा कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. त्यांचा जानेवारी जानेवारीतच भरावा लागतो. ज्यांच्या हातात सगळ्यात कमी, त्यांनाच बेगमीची सोय नाही. इतकी वर्षं इथं राहूनही ही गोष्ट माझ्या गळी उतरलेली नाही.

बँकेतून परस्पर हप्ता जाण्याच्या या पद्धतीचा, डायरेक्ट डेबिटचा, जन्मही ऋतूच्या धंद्यातलाच आहे. १९६४ मध्ये युनिलिव्हर कंपनीत ॲलस्टर हँटन नावाचे गृहस्थ होते. वॉल्सचं आइस्क्रीम विकणाऱ्या दुकानदारांकडून पैसे वेळेवर यावेत म्हणून त्यांनी ही युक्ती काढली: देणाऱ्यानं पाठवायचं नाही, घेणाऱ्यानं बँकेतून मागून घ्यायचं. तोवर पैशाची चावी देणाऱ्याच्या हातात असायची. ती एकदा दुसऱ्याच्या हातात गेली, की त्यानं रक्कम कशी ठरवली हा प्रश्न आलाच. म्हणून या पद्धतीला बँकांची हमी जोडलेली आहे. रक्कम बदलायची तर आधी कळवायचं, आणि चुकीची रक्कम गेली तर बँकेनं ती परत करायची.

पण घरच्या आणि इथल्या बेगमीत एक फरक आहे, तो मला आईमुळे दिसला. ती आली होती तेव्हा एकदा मी तिला हे बारा हप्त्यांचं प्रकरण समजावून सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कणगी कुणाच्या घरात?”

कंपनीच्या घरात. आमचं धान्य, पण कणगी त्यांच्याकडे. २०२१च्या उत्तरार्धात आणि २०२२ मध्ये गॅसचे घाऊक भाव कडाडले तेव्हा याचा अर्थ सगळ्या देशाला कळला. तीसच्या आसपास पुरवठादार कंपन्या बुडाल्या. काहींनी ग्राहकांची आगाऊ जमा झालेली शिल्लक रोजचा धंदा चालवायला वापरली होती. ग्राहकांचे पैसे बुडाले नाहीत, नियमानं दुसऱ्या कंपनीनं ते आपल्या खात्यावर घेतले. पण त्या सगळ्या उस्तवारीचा खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलांवर वाटला गेला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं जून २०२२ मध्ये तो घरटी ९४ पौंड धरला. कणगी फोडून खाल्ली एकानं आणि भरून दिली गावानं, असा तो प्रकार. त्याच साली ऑफजेमनं हप्त्यांची तपासणी केली, तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिल एवढ्या अवधीत पाच लाखांहून जास्त ग्राहकांचे हप्ते दुपटीपेक्षा जास्त वाढल्याचं आढळलं. दर वाढले होते हे खरं. पण काही कंपन्यांची हप्ता ठरवायची रीतही कच्ची होती.

नियम तसा चांगला आहे. पुरवठादाराच्या परवान्यातच अट आहे, की हप्ता हाताशी असलेल्या सगळ्यात चांगल्या आणि ताज्या माहितीवरून ठरवला पाहिजे. शिल्लक असेल तर ग्राहक ती केव्हाही परत मागू शकतो, आणि तसंच सबळ कारण असल्याशिवाय कंपनीला नाही म्हणता येत नाही. ताज्या माहितीची ती अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला माझे वडील, अण्णाच, आठवले.

अण्णा आमच्या माण तालुक्यात तलाठी होते. पर्जन्यछायेतला मुलूख, तीन वर्षांत एक बरं साल. तिथं पिकाची आणेवारी, आताची पैसेवारी, हा पोटापाण्याचा प्रश्न. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर सारामाफी, पंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. वर आली तर काही नाही. ती तीनदा लावतात: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. नजरअंदाज म्हणजे बांधावर उभं राहून पीक पाहून केलेला. अंतिम मात्र पीक कापून.

मी नऊ-दहा वर्षांची असताना अण्णा मला एकदा बाजरीच्या कापणीला घेऊन गेले होते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा तुकडा दोरीनं आखला होता, चार कोपऱ्यांना चार खुंट्या. आतली कणसं खुडायची, पोत्यावर झोडपायची, पाखडायची, आणि तराजूत घालायची. शेतकरी तिथंच उकिडवा बसला होता. त्याची नजर तराजूवरून हलत नव्हती. दोरीच्या बरोबर खाली एक ताट आलं होतं, बुंधा आत की बाहेर यावरून ग्रामसेवक आणि शेतकरी यांच्यात बोलाचाली झाली. अण्णा गुडघे टेकून खाली बसले, हातानं माती बाजूला केली आणि मूळ पाहिलं. बाहेर होतं. ते ताट त्यांनी कापू दिलं नाही. येताना सायकलवर मी पुढं दांडीवर होते. ते म्हणाले, “पारावर बसून आणेवारी लावायची नसते, बाय. ज्याचं शेत, त्याच्या शेतात जावं लागतं.”

त्या तुकड्यातल्या वजनावरून सगळ्या गावाचा अंदाज बांधायचा, म्हणजे शेवटी अंदाजच. अण्णांना ते ठाऊक होतं. म्हणून तर एका ताटासाठी ते मातीत बसले.

जून २०२० मध्ये त्याच दहिवडीहून आईचा फोन आला होता. लाइटबिल तिप्पट आलंय म्हणाली. टाळेबंदीत मीटर बघायला माणूस फिरकला नव्हता, तेव्हा वीज कंपनीनं मधले महिने सरासरीनं बिलं दिली होती. ती सरासरी काढली होती हिवाळ्याच्या महिन्यांवरून, आणि लावली होती चैत्र-वैशाखाला. आमच्याकडे हिवाळ्यात पंखासुद्धा लागत नाही. उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि राहिलेलं सगळं एकदम अंगावर आलं. महाराष्ट्रभर त्या बिलांवरून ओरड झाली. आई फोनवर चिडली नव्हती, गोंधळली होती. “मी तर दर महिन्याला भरत होते गं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्या वेळी मी तिला लीड्समधून समजावत होते, आणि माझ्या जिन्याखाली तेच, फक्त ऋतू उलटा करून, चाललेलं होतं.

आई ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. दोन वर्षांचा व्हिसा, पण एका खेपेला सहा महिनेच राहता येतं. तिला जवळच्या मायणीपलीकडं जायचं म्हटलं तरी आधी चार दिवस तयारी लागायची, ती एकटी दोन विमानं बदलून आली. आल्या आल्या भिंतीला हात लावून म्हणाली, “भिंतीसुद्धा गार गं तुमच्या.” आम्ही थर्मोस्टॅट अठरावर ठेवायचो आणि सकाळी दोन तास, संध्याकाळी चार तास बॉयलर लावायचो. आईसाठी बावीस, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. बॉयलर पेटताना आधी टिक्‌टिक् होते आणि मग भस्सकन ज्योत धरते. आठवड्याभरात आईला तो आवाज ओळखू यायला लागला. ऐकला की म्हणायची, “लागली चूल.”

स्मार्ट मीटर आम्ही २०२१ मध्येच बसवून घेतला होता. त्याच्याबरोबर एक छोटा पडदा मिळतो, दिवसभरात किती पौंड जळले ते दाखवणारा. तो स्वयंपाकघरात खिडकीत ठेवलेला असायचा. जानेवारीतली एक संध्याकाळ. मी कामावरून आले तर आई दिवाणखान्यात दोन स्वेटर, शाल, कानाला मफलर, अशी बसलेली. रेडिएटरला हात लावला, थंडगार. वर तिच्या खोलीतलाही बंद. बॉयलर बिघडला की काय म्हणून मी जिन्याकडे धावले. आई म्हणाली, “बिघडलं नाही, मीच फिरवून बंद केलं. अकरा पौंड वीस झाले होते त्याच्यावर दुपारीच. एकशेपाचनं गुणलं मी. बाराशे रुपये होतात. माझं महिन्याचं लाइटबिल एवढं नसतं.”

तिची बोटं माझ्या हातात घेतली तर लाकडासारखी. मी काही बोलले नाही. रेडिएटर सुरू केले, चहा टाकला, आणि तो पडदा उचलून ड्रॉवरमध्ये लाटण्याखाली घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “ते घड्याळ कुठं गेलं?” मी म्हटलं, सेल संपले. आईशी मी क्वचित खोटं बोलते. हे बोलले. आणि त्या रात्री मला आमच्या आधी इथं राहून गेलेली ती म्हातारी बाई आठवली. तिच्याजवळ पडदा उचलून ड्रॉवरमध्ये ठेवणारं कुणी नसेल.

मार्चअखेर आई परत गेली. एप्रिलमध्ये ती मेल आली. मी वही घेऊन बसले आणि २०३ पौंड सोडवून पाहिले. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. एक, थकबाकी ४३० पौंड. बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला ३६. ती आईच्या उबेची होती, आम्ही वापरलेली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. दुसरी, पुढच्या वर्षाचा अंदाज: गॅस १५,५०० युनिट, वीज ३,०००, नव्या दरानं महिन्याला १६७. इथं चूक होती. आम्ही तिघंच असतो तेव्हा गॅस ११,००० आणि वीज २,६०० लागते, हे माझ्या वहीत आधीच्या तीन वर्षांचं लिहिलेलं होतं. त्याचे होतात १३६. म्हणजे न्याय्य हप्ता १७२. दरमहा ३१ पौंडांचा फरक, वर्षाला पावणेचारशेच्या घरात.

स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाला किती युनिट जळले ते कळवू शकतो. आमच्या घरात २३ जानेवारीला पहाटे साडेचारला किती जळत होतं हे कंपनी सांगू शकेल. ते कुणासाठी जळत होतं हे मीटरला कळत नाही, आणि ते विचारल्याशिवाय पुढच्या वर्षाचा आकडा लिहिता येत नाही.

मी फोन लावला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. यॉर्कशायरच्या रिवाजाप्रमाणे दर वाक्याला मला ‘लव्ह’ म्हणत होती. मी तिला सगळे आकडे वाचून दाखवले. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, “हे सिस्टिमला कळणार नाही. मला सांगा, घरात काही बदल झालाय का?”

मी म्हटलं, माझी आई हिवाळाभर इथं होती. आता ती भारतात परत गेली.

“मग मी इथं लिहिते, घरात एक माणूस कमी. चालेल?”

एक माणूस कमी. मराठीत हे शब्द कुठल्या प्रसंगी बोलतात ते तिला कसं ठाऊक असणार? माझ्या हातातलं पेन थांबलं. मँचेस्टरच्या विमानतळावर निघताना आई ‘जाते’ म्हणाली नव्हती. आपल्याकडे कुणी म्हणत नाही. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला तिनं खुणेनं थांबवलं, मागं वळली आणि म्हणाली, “येते गं.” आणि इथं तीन आठवड्यांत मी तिला हिशेबातून काढून टाकायला फोनवर भांडत होते. पुढच्या हिवाळ्यात माझी आई येणार नाही, असं मी एका कंपनीला लेखी द्यायला निघाले होते, महिना ३१ पौंडांसाठी.

“तुम्ही आहात ना लाइनवर?” मुलीनं विचारलं.

मी म्हटलं, आहे. लिहा. पण ती परत येणार आहे, कधी ते ठरलेलं नाही. हेही लिहिता येईल का?

ती थोडा वेळ टाइप करत होती. म्हणाली, “त्याला इथं रकाना नाही, लव्ह. पण नोटमध्ये टाकते. ती आली की आम्हाला कळवा, आपण पुन्हा बघू.” हप्ता १७२ झाला. नजरअंदाज, सुधारित. अंतिम मार्चमध्ये कळेल, असं मी मनात म्हटलं. त्या मुलीबद्दल मला आजही आदर वाटतो. तिनं आमच्या शेतात येऊन पाहिलं, फोनवरून जेवढं येता येईल तेवढं.

उन्हाळा गेला. हप्ता बरोबर होता याचा पुरावा खात्यावर दिसत होता. सप्टेंबर संपताना थकबाकी फिटून १८ पौंड शिल्लक पडली होती, आणि पुढचा हिवाळा वहीतल्या आकड्यांत बसत होता. तेवढ्यात एका रविवारी आई फोनवर म्हणाली, गुडघ्याचं डॉक्टर काहीतरी म्हणतायत, दिवाळीनंतर ठरेल. मी विचारलं, “मग या वर्षी येतेस का?”

“बघू,” ती म्हणाली.

बघू म्हणजे हो की नाही, हे मला चाळीस वर्षांत तिच्याकडून कळलेलं नाही. अंदाज त्यावर बांधता येत नाही, आणि बांधल्याशिवाय राहवतही नाही. रात्री मी कंपनीचं ॲप उघडलं. हप्ता आपला आपण वाढवायची सोय त्यात आहे. १७२चे २०३ करायला एक बोट पुरलं असतं. थोडा वेळ मी ते बोट तसंच धरून बसले. मग आईचा कणगीचा प्रश्न आठवला आणि ते ॲप बंद केलं.

त्याऐवजी बँकेचं उघडलं. तिथं मोठ्या खात्याच्या पोटात छोटी छोटी बचतीची खाती करता येतात. एक नवीन केलं, आणि दर महिन्याच्या एक तारखेला ३१ पौंड त्यात वळते व्हावेत असं लावून टाकलं. आई आली तर तिचा बॉयलर त्यातून चालेल, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, बावीसवर. शेवटच्या पानावर ॲपनं विचारलं, खात्याला नाव काय द्यायचं. देवनागरी त्यात उमटत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांतच लिहिलं: येते.